कऱ्हाडचा वकील

यशवंतराव चव्हाणांचा विषय निघाला की हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याची आठवण हमखास काढली जाते. मला मात्र त्यांच्यातील कऱ्हाडचा वकील समजून घ्यावासा वाटतो.

1913 साली देवराष्ट्रे या खेड्यात, एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. आई विठाबाईंनी कष्टाने वाढविले. 1932 साली विद्यार्थिदशेतच त्यांना तुरुंगवास घडला. 1941 मध्ये पुण्यास कायद्याची पदवी घेऊन त्यांनी कऱ्हाडात वकिली सुरू केली. परंतु 1942 च्या चळवळीत ते भूमिगत झाले आणि वकिली मागे पडली. 1946 साली ते मुंबई विधिमंडळावर निवडून गेले.

वकिली सुटली, तरी दुसऱ्याची बाजू ऐकून घेण्याची वृत्ती सुटली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर 1955 साली त्यांनी नेहरूंच्या बाजूने कौल दिला, म्हणून लोकांचा रोष ओढवला. 1956 मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मते दिली. 30 नोव्हेंबर 1957 रोजी नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली. मराठी माणसाचे मन काय आहे, हे दिल्लीला पटवून देण्याचे काम पुढे यशवंतरावांनी केले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्याचे पहिले श्रेय लढणाऱ्या जनतेचे आणि हुतात्म्यांचे; पण विरोधकांची मागणी स्वपक्षाच्या गळी उतरविणे हेही सोपे काम नव्हते.

1962 मध्ये संरक्षण, 1966 मध्ये गृह, 1970 मध्ये अर्थ, 1974 मध्ये परराष्ट्र अशी खाती त्यांच्याकडे आली. 1979 साली ते उपपंतप्रधान झाले. 1984 साली त्यांचे निधन झाले.

मात्र एक शल्य उरतेच. 1975 साली आणीबाणी आली, तेव्हा ते मंत्रिमंडळातच राहिले. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या या वकिलाने तुरुंगात डांबलेल्यांची बाजू उघडपणे मांडावयास हवी होती, असे मला वाटते. सर्वांचे ऐकून घेणे हा मोठा गुण खरा. पण वेळ येताच बोलणे हाही वकिलाचाच धर्म आहे. त्यांचे मोठेपण मान्य करूनच आपण विद्यार्थ्यांनी हे दोन्ही धडे घ्यावेत.