गर्भपातसेवा, प्रसविका आणि आपण

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतिसमयी गर्भिणीजवळ कोणी असावे हे सांगताना परिणत वयाच्या, प्रसवकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या चार स्त्रियांचा निर्देश आहे. अनुभव, कौशल्य आणि स्वच्छता या तीन कसोट्या तेथे एका वाक्यात आल्या आहेत. त्याच संहितेच्या निदानस्थानात चौथ्या महिन्यापर्यंतचा गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातील गर्भपात हा भेद सांगितला आहे. गर्भ जसजसा स्थिर होतो तसतसा धोका वाढतो, हा त्यातील व्यवहारोपयोगी बोध आजही तितकाच खरा आहे. गर्भपाताची सेवा कोणाच्या हातून व्हावी या आजच्या प्रश्नाकडे आम्ही याच दृष्टीने पाहू इच्छितो.

कायद्याची चौकट

शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींनंतर १९७१ साली वैद्यकीय गर्भपात कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. या कायद्यानुसार गर्भपात करण्याचा अधिकार केवळ 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिका'स आहे. आधुनिक वैद्यकाची मान्यताप्राप्त पदवी, राज्य वैद्यक नोंदवहीत नाव आणि स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रातील विहित अनुभव अथवा प्रशिक्षण, अशी त्याची व्याख्या आहे. परिचारिका, प्रसविका आणि आयुर्वेद पदवीधर या व्याख्येत बसत नाहीत. २००२ च्या दुरुस्तीने अनधिकृत व्यक्तीने केलेल्या गर्भपातास दोन ते सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा ठेवली.

२०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका आणि विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन व्यावसायिकांचे मत पुरेसे ठरविले. स्त्रीची गोपनीयता भंग करणे दंडनीय झाले. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा समान लाभ दिला. मात्र सेवा कोण देणार, या व्याख्येचा मूळ गाभा बदलला नाही.

महाराष्ट्रात २०१४ साली राज्याच्या वैद्यक व्यवसायी कायद्यात दुरुस्ती होऊन आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा मिळाली. त्यामुळे गर्भपाताच्या गोळ्या देण्याचाही अधिकार मिळाला, असा काहींचा समज आढळतो. तो चुकीचा आहे. गर्भपाताचा कायदा केंद्रीय आहे आणि त्याची व्याख्या स्वतंत्र आहे.

प्रश्न का उद्भवतो?

अधिकृत व्यावसायिक शहरात आणि गरजू स्त्री वाडीवस्तीवर, हे अंतर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी जवळपास ७३ टक्के आरोग्यसंस्थेबाहेर, गोळ्यांच्या साहाय्याने झाले. संस्थेत झालेले सुमारे २२ टक्के, तर उरलेले ५ टक्के इतर, बहुधा असुरक्षित मार्गांनी झाले. म्हणजे चारांतील तीन स्त्रिया संस्थेच्या दारापर्यंत पोहोचल्याच नाहीत. त्यांना प्रथम भेटते ती उपकेंद्रावरील परिचारिका-प्रसविका, गावातील वैद्य किंवा औषध विक्रेता.

इतर देशांचा अनुभव

दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या कायद्याने बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात करण्याचा अधिकार प्रशिक्षित प्रसविकांना दिला. पुढे २००८ मध्ये परिचारिकांचाही त्यात समावेश झाला. बांगलादेशात १९७९ पासून कुटुंबनियोजन कार्यक्रमांतर्गत 'मासिक पाळी नियमन' ही सेवा महिला परिवार कल्याण कार्यकर्त्या देत आल्या आहेत. नेपाळने २००२ मध्ये गर्भपातास मान्यता दिली आणि पुढे परिचारिका व सहायक परिचारिका-प्रसविकांना या कामाचे प्रशिक्षण दिले.

या निर्णयांस अभ्यासाचा आधार आहे. दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाममधील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत हाताने चालविण्याच्या निर्वात उपकरणाने केलेल्या गर्भपातातील उपद्रवांचे प्रमाण डॉक्टर आणि प्रशिक्षित मध्यम स्तरावरील सेवक यांच्यात समतुल्य आढळले. नेपाळमधील २०११ च्या अभ्यासात औषधी गर्भपाताबाबतही तसाच निष्कर्ष निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ व २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रसविकांना पहिल्या तिमाहीतील सेवेसाठी योग्य मानले आहे.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास बिहार व झारखंडमधील आहे. तेथे प्रशिक्षित आयुर्वेद चिकित्सक आणि परिचारिका यांची तुलना ॲलोपॅथी डॉक्टरांशी केली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात औषधी गर्भपातासाठी स्त्रीची पात्रता ठरविणे आणि गर्भपात पूर्ण झाला की नाही हे ओळखणे, या दोन्ही बाबतींत तिघांचे काम समतुल्य ठरले.

अर्धवट राहिलेला बदल

ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात आयुर्वेदादी पद्धतींचे पदवीधर, परिचारिका आणि सहायक परिचारिका-प्रसविका यांना प्रशिक्षणानंतर हे काम करू देण्याचा प्रस्ताव होता. ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने त्यास विरोध केला. २०२१ मध्ये संमत झालेल्या कायद्यात ही तरतूद आलीच नाही. प्रसविकांचे स्वतंत्र संवर्ग उभारण्यासाठी २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या, परंतु त्यांनाही गर्भपाताचा अधिकार मिळालेला नाही.

आमचे मत असे की, अधिकाराची कसोटी पदवीच्या नावापेक्षा प्रशिक्षण, देखरेख आणि संदर्भसेवा यांवर ठरावी. परंतु वरील अभ्यासांतील यश प्रशिक्षित हातांचे आणि देखरेखीखालील आहे. त्यांचा आधार घेऊन कोणी आज परस्पर गोळ्या देऊ लागला तर तो कायद्याचा भंग तर ठरेलच, शिवाय आपल्या मागणीचेही नुकसान करील.

आज काय करता येईल?

१. गर्भनिदान व कालगणना : शेवटच्या पाळीची तारीख नीट विचारून, मूत्रतपासणी करून स्त्रीला त्वरित अधिकृत केंद्राकडे पाठवावे. 'पुढच्या महिन्यात बघू' हे वाक्य कोणीही उच्चारू नये.

२. समुपदेशन : अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीची स्वाक्षरी कायद्याने आवश्यक नाही, हे तिला सांगावे.

३. धोक्याची चिन्हे : ओळीने दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजतील एवढा रक्तस्राव, एक दिवसाहून अधिक ज्वर, दुर्गंधी स्राव, भोवळ, ओटीपोटात असह्य शूल. यांपैकी काहीही दिसल्यास स्तंभक औषधांवर वेळ न घालविता रुग्णालयात धाडावे. गोळ्या घेऊनही रक्तस्राव झालाच नाही, तर गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शंका घ्यावी.

४. पश्चात्सेवा : गर्भनिरोधनाचा सल्ला, पांडुरोगाकडे लक्ष आणि सूतिकेप्रमाणेच विश्रांती व आहार. येथे आपले शास्त्र आणि गावातील प्रसविका एकमेकांस पूरक आहेत. उपकेंद्रावरील प्रसविकेशी आपला परिचय असलाच पाहिजे.

औषध विक्रेत्यांसाठी

मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टोल ही अनुसूची 'एच' मधील औषधे आहेत. अधिकृत व्यावसायिकाच्या चिठ्ठीविना ती देऊ नयेत आणि विक्रीची नोंद चोख ठेवावी. परंतु तपासणीच्या भीतीने ती ठेवणेच बंद करणे हाही उपाय नव्हे. गर्भलिंगनिदान प्रतिबंधाचा १९९४ चा कायदा आणि गर्भपाताचा कायदा हे दोन वेगळे आहेत. चिठ्ठी घेऊन आलेली स्त्री दुकानातून रिकाम्या हाती परतली तर ती पुन्हा डॉक्टरकडे जाईलच याची शाश्वती नसते. बहुधा ती अधिक धोकादायक वाट धरते.

समारोप

व्याख्या बदलेल तेव्हा बदलेल. तोवर स्त्रीची पहिली भेट ज्याच्याशी होते त्याने तिला न दुखावता, न रेंगाळविता आणि तिचे गुपित राखून योग्य ठिकाणी पोहोचविणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. आपल्या तालुक्यातील मान्यताप्राप्त केंद्रांची यादी प्रत्येक दवाखान्यात व औषधालयात असावी, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंती आहे.