टक्कर झाली, मग एनर्जी गेली कुठे?

 

मागच्या आठवड्यात माझा मामेभाऊ बाईकवरून घसरला. डोकं रस्त्यावर आपटलं, पण हेल्मेट होतं म्हणून बचावला. मला म्हणतो, "दादा, हेल्मेट एकदम दणकट आहे. नुसता ओरखडा पडलाय, अजून दोन वर्षं आरामात चालेल." मी म्हटलं, अजिबात नाही, हे आता टाकून द्यायचं. का? त्यासाठीच आजचा एपिसोड.

शाळेत आपण शिकलो की ऊर्जा नष्ट होत नाही. आणि त्याच पुस्तकात पुढे लिहिलेलं असतं की टकरीत गतिज ऊर्जा कमी होते. मग खरं काय? दोन्ही खरं. ऊर्जा तेवढीच राहते, फक्त 'गतिज' या खात्यातून दुसऱ्या खात्यात जमा होते.

शाडूच्या मातीचे दोन गोळे घ्या, एकेक किलोचे. एक स्थिर, दुसरा सेकंदाला 4 मीटर वेगाने येऊन त्याला चिकटला. आता वजन दुप्पट, म्हणून वेग निम्मा, 2 मीटर. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आधी 4 होता, नंतरही 4. पण गतिज ऊर्जा? आधी 8 ज्यूल, नंतर 4. बरोब्बर अर्धी गायब! ती कुठे गेली? माती चेपली, तिचे कण एकमेकांवर घासले, गोळा किंचित तापला, थोडी 'धप्प' आवाजात गेली.

आता खरी गंमत. ऊर्जा अशी लपते, मग संवेग का नाही लपत? कारण संवेगाला दिशा असते. गच्च भरलेली लोकल आठवा. डब्यात सगळे एकमेकांना ढकलतायत, कुणी इकडे, कुणी तिकडे. अख्खी गर्दी जागची हलत नाही, पण घाम मात्र सगळ्यांना फुटतो! मातीतल्या कणांचं तसंच आहे. डावीकडचा आणि उजवीकडचा संवेग एकमेकांना खोडून टाकतात. पण ऊर्जेला दिशाच नाही, तिची बेरीजच होत जाते. कणांच्या या विस्कळीत थरथरीलाच आपण उष्णता म्हणतो. आणि एकदा विखुरलेली ती थरथर आपणहून एका दिशेला वळून गोळा पुन्हा पळवत नाही.

कॅरममध्ये स्ट्रायकर आणि सोंगटी कडक असतात. जराशा दबतात आणि लगेच पूर्ववत होतात, म्हणून बरीचशी ऊर्जा परत मिळते. तरी तो 'टक्' आवाज आलाच ना? म्हणजे थोडी तिथेही गेलीच.

वाचायला हे नुकसान वाटतं, पण अपघातात आपल्याला नेमकं हेच हवं असतं. मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांनी गाडीचा पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा आणि मधली केबिन मजबूत, अशी कल्पना मांडली. 1959 साली अशी गाडी बाजारात आली. पत्रा चुरगळण्यात ऊर्जा खर्च होते, आतल्या माणसांवरचा भार कमी होतो.

हेल्मेटमध्ये हे काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. समजा, त्याच्याशिवाय डोकं अर्ध्या सेंटीमीटरमध्ये थांबलं असतं आणि थर चेपल्यामुळे अडीच सेंटीमीटरमध्ये थांबलं. ऊर्जा तेवढीच, अंतर पाचपट, म्हणून सरासरी बल एक पंचमांश. हा थर रबरी चेंडूसारखा उसळला असता, तर तीच ऊर्जा डोक्याला परत मिळाली असती! म्हणून तो चेपतो आणि चेपलेलाच राहतो.

इथेच मामेभावाची चूक. ओरखडा बाहेर दिसतो, पण चेपलेला थर आत असतो, वरून कळत नाही. पुढच्या वेळी त्या जागी चेपायला काही उरलेलंच नसेल.

आणि वेगाचं लक्षात ठेवा. 30 चा 60 केलात की गतिज ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. 60 च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण 14 मीटरवरून, चार-पाच मजल्यांवरून पडणं.

भाऊ शेवटी नवं, आयएसआय मार्कचं हेल्मेट घेऊन आला. तुमचं कधी आपटलंय का? मग आज ठरवाच. आणि पट्टा लावायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात!