दोन तारे लागलेली नावं

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रारूप मतदार याद्या लागल्या आणि जो तो एकच आकडा सांगू लागला : अकरा लाख. अकरा लाख दुबार नावं! ती तपासतं कोण आणि कशी, हे पाहायला मी एका वॉर्ड कार्यालयात गेले.

खोलीत गरम टोनरचा वास कोंडलेला. टेबलांवर याद्यांचे गठ्ठे, पानाला तीस नावं, आणि मधूनच एखाद्या नावापुढे दोन तारे, म्हणजे 'संभाव्य दुबार'. इथवरचं काम संगणकाचं. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अशा रकान्यांवरून गट पाडायचे आणि ज्या गटात एकाहून जास्त ओळी येतील तो बाजूला काढायचा.

संगणक मात्र दोन्हीकडून फसतो. 'कुऱ्हाडे'मधला अर्धा र टाइप करण्याच्या दोन-तीन तऱ्हा आहेत. पडद्यावर अक्षर तेच दिसतं, आतले संकेत निराळे. मग एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळतच नाहीत. रोमन लिपीतल्या नावांसाठी साउंडेक्स नावाची उच्चारावर चालणारी पद्धत आहे. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. ती नावाचं पहिलं अक्षर आहे तसं ठेवते, त्यामुळे डब्ल्यूचा वाघ आणि व्हीचा वाघ तिच्या लेखी वेगळे. हे निसटणं एक वेळ चालेल. दोन जिवंत माणसांना एक ठरवणं जास्त वाईट.

कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाई एरवी मालमत्ता कराचं काम पाहतात. ओळीखाली पट्टी धरायची, मग बोट फोटोवर. त्यांच्यापुढे दोन सुनीता संजय होत्या. आडनाव एक, वयात वर्षाचा फरक, चाळी शेजारशेजारच्या, फोटो दोन्ही काळपट. एकच बाई आहे, असं कुणीही म्हटलं असतं. बाईंनी दोन्ही पत्ते चिठ्ठीवर उतरवले आणि चपला घातल्या.

पहिल्याच दारात उत्तर मिळालं. "दुसरी सुनीता होय? ती मागच्या चाळीतली, भाजी विकते. आमची टपालं नेहमी बदलतात." बाई तरीही मागच्या चाळीत गेल्या, तिलाही डोळ्यांनी पाहून आल्या आणि मगच 'भिन्न व्यक्ती' असा शेरा लिहिला. दुसऱ्या दारापर्यंतची ती चाल मला अजून आठवते. तिथे जाण्याचं कारण उरलं नव्हतं, असं मला वाटलं होतं.

खाली चहावाल्यापाशी पुन्हा तेच : अकरा लाख. पण अकरा लाख या ओळी आहेत, माणसं नव्हेत. त्या ओळींमागचे मतदार सुमारे ४ लाख ३३ हजार होते, आणि हा हिशेबही दारं ठोठावण्याआधीचा. दोघी सुनीतांसारख्या जोड्या त्यातून वजा व्हायच्याच होत्या.

एका माणसाचं नाव एकदाच, एकाच मतदारसंघात, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ आणि १८ मध्ये स्पष्ट आहे. मात्र स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी वापरतो. तिच्यातलं नाव वगळण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून तारे. दुबार ठरलेल्याने कुठे मतदान करणार ते लिहून द्यायचं. ज्याचा प्रतिसादच आला नाही, त्याच्याकडून केंद्रावर हमीपत्र घ्यायचं. ही पद्धत अनेकांना मिळमिळीत वाटते. मला ती योग्य वाटते. चुकून लागलेला तारा चौकशीनंतर निरर्थक ठरतो. चुकून पुसलेली ओळ मात्र मतदानाच्या दिवशी रांगेत उभं राहिल्यावर कळते. सगळी दुबार नावं एका फटक्यात उडवा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या बाईंबरोबर चाळीत फिरून यावं.

आपल्या हातात एक गोष्ट आहे. घर बदललं की लोक नव्या पत्त्यावर नवी नोंदणी करतात आणि जुनी ओळ तशीच राहते. २०२२ पासून स्थलांतरासाठी नमुना ८ आहे. नवीन मतदाराचा नमुना ६ पुन्हा भरू नका. आणि यादीत आपलं नाव दोनदा दिसलं, तर नमुना ७ भरून एक स्वतःहून काढून घ्या.