घरबसल्या मजुरी आणि घरचा धंदा

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या मनात १६६४ आणि १६७० ही साले जागी होतात. खानदेशातील माणसाला मात्र सुरत ठाऊक असते ती पोटापाण्याचे गाव म्हणून. जळगाव, धुळे, नंदुरबार या मुलखातून येणारी तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते, आणि तिच्याच खोऱ्यातून गेलेल्या लोहमार्गाने खानदेशातील कुटुंबे अनेक पिढ्या सुरतेत येत राहिली आहेत. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत हिंडताना अहिराणी कानावर पडली नाही, असे सहसा होत नाही. घरचा पुरुष मागावर किंवा रंगाई-छपाईच्या कारखान्यात जातो. घरी राहते ती लेकरांची आई. आणि तिच्याही हाताला काम असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

सुरतेची साडी मागावरून उतरते तेव्हा ती नुसते कोरे कापड असते. रंग आणि छपाई झाल्यावर ती रिंगरोडवरच्या बाजारात जाते, आणि तेथून तिचा एक फेरा वस्त्यांमधून होतो. काठाला लेस लावणे, टिकल्या व खडे चिकटविणे, भरतकामाचे सुटे धागे कापणे, घडी घालणे ही कामे घराघरांतून होतात. मध्यस्थ ठेकेदार गाठोडे आणून टाकतो, दोन-चार दिवसांनी मोजून घेऊन जातो आणि नगाप्रमाणे पैसे देतो. लेकराला पाळण्यात टाकून, चुलीवरच्या भाताकडे एक डोळा ठेवून करता येण्याजोगे हे काम आहे. लहान मुलाच्या आईला बाहेरची नोकरी अवघड जाते, तिला हे सोयीचे वाटते. या कामामुळे आपण घरचा धंदा करतो, असे अनेक स्त्रिया समजतात, आणि समजुतीची चूक होते ती येथे.

धंदा आणि मजुरी यांतला फरक शब्दांचा नाही. ज्याचा माल त्याचा, ज्याने भाव ठरवायचा तो स्वतः आणि ज्याचे गिऱ्हाईक ओळखीचे, तो धंदेवाला. साडी ठेकेदाराची, टिकली ठेकेदाराची, दर ठेकेदाराचा, आणि ती साडी शेवटी कोण नेसणार हे बाईला कधीच कळत नाही. तेव्हा ती मजुरी झाली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरून काम करणाऱ्यांविषयी १९९६ साली जो करार संमत केला, त्यातही हीच रेघ ओढलेली आहे. दुसऱ्याने सांगितल्याप्रमाणे माल किंवा सेवा घरी बसून मोबदल्यासाठी पुरविणारा तो घरकामगार, मग साहित्य कोणाचेही असो. खरे स्वातंत्र्य असलेला कारागीर मात्र त्यातून वगळलेला आहे. मजुरी हलकी आणि धंदा थोर, असा याचा अर्थ नव्हे. मजूर असणाऱ्या बाईने मजुरीचे प्रश्न विचारावेत, म्हणजे दर, नुकसान आणि वेळ यांविषयी बोलावे. स्वतःला मालकीण समजून गप्प बसू नये, एवढाच अर्थ.

हिशेब करून पाहिला म्हणजे ही गोष्ट उघड होते. समजा, एका साडीला आठ रुपये मिळतात आणि दिवसभरात आठ तास खपून दहा साड्या होतात. म्हणजे ऐंशी रुपये, तासाला दहा. त्यात एखाद्या साडीवर डिंकाचा डाग पडला आणि ठेकेदाराने चारशे रुपये कापले, तर पाच दिवसांचे काम फुकट गेले. दिवा बाईचा, जागा बाईची, डोळे बाईचे. यांपैकी कशाचेही मोल दरात धरलेले नसते. आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. नगावर पैसे असले म्हणजे नग वाढविण्याचा मोह होतो, आणि शाळेतून आलेली आठ-दहा वर्षांची मुलगी आईशेजारी टिकल्या लावावयास बसते. कागदावर तिचे नाव कोठेच नसते. ज्या लेकरासाठी आईने घरी राहून काम पत्करले, त्याच लेकराच्या अभ्यासाचा तास त्या गाठोड्यात जातो.

यातून बाहेर पडून स्वतःचे काही करावे, असे ज्यांना वाटते त्यांना खानदेशाने एक भांडवल दिलेले आहे, ते म्हणजे वाळवण. बिबडे, उडदाचे आणि नागलीचे पापड, कुरडया, शेवया हे पदार्थ खानदेशी घराला वर्षभर लागतात, आणि सुरतेतील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येक सुनेला ते करण्याइतकी जागा वा फुरसत नसते. बिबड्यांचेच पाहा. ज्वारी भिजवावी, कांडून तिचा कोंडा काढावा, भरड करून आंबवावी, मग तिखट, लसूण, तीळ घालून शिजवावी आणि गरम असतानाच थापून उन्हात घालावी. तीन दिवसांचा हा खटाटोप कोणा पुस्तकातून शिकता येत नाही. आई-सासूच्या हाताखाली तो येतो, आणि म्हणूनच त्याला गिऱ्हाईक आहे. आखाजीला आणि श्रावणात कानबाईच्या सणाला खानदेशी घरांतून पाहुणे जमतात, तेव्हा ही मागणी वाढते. चांदणी पडव्याला घारी करून विकावी, हा विचार मात्र नव्या बाईने सोडून दिलेला बरा. तेथे सुरतेचे जुने मिठाईवाले पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. आपल्या माणसांना जे हवे आणि इतरांना जे जमत नाही, तेच आधी हाती घ्यावे.

पण येथेही हिशेब सुटत नाही. समजा, दहा किलो ज्वारीचे पाचशे रुपये, दळण-कांडण साठ, तिखट-तीळ-लसणाचे एकशे चाळीस, जळण शंभर आणि पिशव्या शंभर, असा नऊशे रुपये खर्च आला. आठ किलो बिबडे झाले आणि दोनशे चाळीस रुपये किलोने विकले, तर एक हजार नऊशे वीस आले. हाती उरले एक हजार वीस. बाई खुश होते. परंतु तीन दिवस ती आणि तिची सासू, दोघी सहा-सहा तास राबल्या, म्हणजे छत्तीस तास झाले. तासाला अठ्ठावीस रुपये पडले. साडीपेक्षा हे पुष्कळ बरे. आता दोन किलो नणंदेकडे आणि शेजारी ‘घरचेच’ म्हणून गेले आणि एक किलो सर्द हवेने मऊ पडून टाकावे लागले, असे धरा. विक्री पाच किलोची, बाराशे रुपयांची. उरले तीनशे, आणि तासाला आठ रुपये काही पैसे. टिकल्या लावण्यापेक्षाही कमी! घरचे धंदे बुडतात ते बहुतेक असे, कोणाच्या लक्षात न येता. सासूचे तास धरावयाचे नाहीत आणि नात्यातली भेट खर्चात लिहावयाची नाही, ही सवय मोडणे हे पाककृतीपेक्षा अवघड काम आहे.

सर्द हवेचा उल्लेख सहज आला, पण सुरतेत तो मोठा प्रश्न आहे. जूनपासून चार महिने पाऊस आणि समुद्राकडची ओल. गच्चीवर काही वाळत नाही. मिठी खाडीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरते ते वेगळेच. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला होता. ज्यांचे घर हेच गोदाम, त्यांचा संसार आणि माल अशा वेळी एकदमच भिजतो. म्हणून डबे उंच फळीवर ठेवणे आणि पावसापूर्वी साठा विकून मोकळे होणे हा या धंद्याचा पहिला नियम ठरतो.

याच अडचणीशी मुंबईच्या सात गृहिणींची गाठ पडली होती. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर, ऐंशी रुपये उसने घेऊन, त्यांनी पापड लाटण्यास आरंभ केला. पुढे ‘लिज्जत’ या नावाने प्रसिद्धीस आलेली संस्था ती हीच. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, असे करून पावसातही माल वाळविला. युक्ती साधी, पण संस्थेने सुधारले ते याहून महत्त्वाचे होते. पीठ एका ठिकाणी मळावयाचे, भगिनींनी ते घरी नेऊन लाटावयाचे, दुसऱ्या दिवशी पापड तपासून, वजन करून घ्यावयाचे आणि लाटणावळ द्यावयाची. वरवर पाहता हे साडीच्या गाठोड्यासारखेच आहे. भेद इतकाच की येथे ठेकेदार नाही; लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची भागीदार आहे आणि नफा-नुकसान सर्वांचे आहे. ही पद्धत १९६८ साली वालोडला, म्हणजे त्या वेळच्या सुरत जिल्ह्यात, पोहोचली. महाराष्ट्राबाहेरची लिज्जतची ती पहिली शाखा. वालोड आता तापी जिल्ह्यात मोडते.

भांडवलाविषयी उगाच मोठी भीती असते. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतील चार हजार स्त्रियांनी १९७४ साली प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक उभी केली; मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणून बँकांचे कर्ज मिळवून दिले. २०१५ पासून मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज तारणावाचून देण्याची सोय झाली, आणि २०२० पासून उद्यम नोंदणी निःशुल्क आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान धंद्याला अन्नसुरक्षा खात्याकडे नोंद करावी लागते. २०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी मानली. ही नोंद आधी करावी, कर्ज मागाहून घ्यावे. दहा किलो ज्वारीला कर्ज लागत नाही. गल्लीतल्या बायकांची भिशी पुरते. कर्ज हवे ते गिरणी घेताना, आणि तेही उधारी वसूल होते अशी खात्री पटल्यावर. उधारी हा शब्द येथे मुद्दाम घातला आहे, कारण ओळखीच्या माणसाकडे पैसे मागताना बाईची जीभ अडखळते. पिशवी देतानाच पैसे घ्यावयाचे, हा रिवाज पहिल्या दिवसापासून ठेवला तर पुढे कोणाला राग येत नाही. सहा महिन्यांनी सुरू केला तर सर्वांना येतो.

साड्यांचे काम एकदम सोडावे, असा सल्ला मात्र शहाणा नव्हे. ते पुष्कळ घरांचे भाडे भरते. फाल्गुन-चैत्रात ऊन तापू लागले की गच्चीवर बिबडे पसरावेत, आखाजीपर्यंत निम्मा माल खपवावा, उरलेला कानबाईसाठी हवाबंद डब्यांत ठेवावा, आणि मृगाचे ढग दिसू लागले की पुन्हा गाठोडे घ्यावे. फक्त या वेळी गाठोडे घेताना दर आणि डागाची कापणी या दोन्ही गोष्टी ठेकेदाराकडून वहीत लिहून घ्याव्यात, आणि त्या वहीत तासांचा एक रकाना जास्त आखावा.