आकाशांतून जमिनीची ओल

मृगाचा पहिला पाऊस पडला कीं बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यापुढें एकच प्रश्न उभा राहतो : पेरावें, कीं थांबावें? येथील बरीचशी शेती पावसावर अवलंबून. काळ्या जमिनींत कपाशी वा सोयाबीन पेरलें आणि मागाहून पावसानें ताण दिला, तर कोवळीं रोपें करपतात व दुबार पेरणीचा खर्च माथीं बसतो. वाफसा ओळखण्याची विद्या जुनीच आहे. परंतु एका शेतांतील पारखीवरून सबंध तालुक्याची कल्पना येत नाहीं. ती आकाशांतून करून घेण्याचा प्रयत्न आतां चालू आहे.

त्याचें तत्त्व अवघड नाहीं. विद्युत्-क्षेत्राला प्रतिसाद देण्याचा पदार्थाचा जो गुण, त्याचा अंक कोरड्या मातीचा सुमारें ३ ते ४, तर पाण्याचा सुमारें ८० असतो. म्हणून माती भिजली कीं रडारच्या सूक्ष्मलहरी तिच्यावरून अधिक जोरानें परततात. ढगांचा किंवा रात्रीचा त्यांस अडथळा होत नाहीं. साधें छायाचित्र मात्र ऐन पावसाळ्यांतच निरुपयोगी ठरतें.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें असें रडार प्रथम विमानावर बसवून पारखलें. त्यांतील लहरी दोन : एक सुमारें २४ सेंटिमीटर लांबीची, दुसरी सुमारें ९ सेंटिमीटरची. हीच जोडी 'निसार' उपग्रहांत आहे. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या भागीदारीनें तयार झालेला हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटला.

उपग्रह असतांना विमानाची उठाठेव कशासाठीं? परतलेल्या लहरींत केवळ ओल नसते. ढेकळें, सऱ्या व उभें पीक ह्यांचाही वाटा मिसळलेला असतो. तो वेगळा काढण्यासाठीं विमानाच्या फेरीच्या वेळींच खालीं शेतांतून मातीचे नमुने घ्यावे लागतात. नमुना तोलून १०५ अंश सेल्सिअस उष्णतेवर वाळवावयाचा व पुन्हा तोलावयाचा. जी घट तीच ओल. आकाशांतील मापाची खरी कसोटी हा तराजूच होय.

तरीही एक मर्यादा उरतेच. ही लहर मुख्यतः वरच्या पांचएक सेंटिमीटर थराचीच वार्ता आणते. पेरलेल्या बियाण्यास ती पुरेशी आहे. पण काळी माती वरून भेगाळून पोटांत ओल राखते, तेथें वाढल्या पिकाची तहान तेवढ्यावरून सांगतां येणार नाहीं. शिवाय आजची ओल उद्यांच्या पावसाची हमी देत नाहीं. म्हणून नकाशा हातीं आला तरी वीतभर माती उकरून पाहण्याची वडिलांची रीत सोडूं नये, हेंच श्रेयस्कर.