पाच... पण पाच काय?

मुलाच्या वहीत उत्तर बरोबर असूनही अर्धा मार्क कापलेला दिसला, की आपल्याला बाईंचा राग येतो. ‘अहो, पाच आलंय ना त्याचं? मग?’ असं विचारणाऱ्या आया मला दर सहामाहीनंतर भेटतात. मी त्यांना उलट विचारते, ‘पाच काय? पाच मीटर, पाच सेकंद की पाच केळी?’ त्या हसतात, मीही हसते. पण अर्धा मार्क काही देत नाही.

मी स्वतः शास्त्र शाखेची नव्हे. बी. ए. झालेली, घर सांभाळून शाळेत रोजचे चार तास घेणारी. पण सहावी-सातवीचं विज्ञान शिकवता शिकवता ध्यानात आलं, की मोजमाप, एकक आणि गती हा भौतिकशास्त्राचा पहिला धडा पुस्तकापेक्षा आपल्या घरातच जास्त आहे. आणि तिथे चुकलं तर अर्ध्या मार्कावर भागत नाही.

मोजणं म्हणजे तरी काय? एका ठरलेल्या मापाशी तुलना करणं. या कापडात मीटर किती वेळा बसतो? तीन वेळा. म्हणून कापड तीन मीटर. ‘तीन’ ही संख्या, ‘मीटर’ हे एकक. नुसत्या तीनला अर्थ नाही.

आपल्या आज्यांना हे चांगलं ठाऊक होतं. धान्य मापायला चिपटं, मापटं, शेर, पायली. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. कापडाला वीत आणि हात. अडचण एवढीच, की हात कुणाचा धरायचा, दुकानदाराचा की गिऱ्हाइकाचा? आणि माहेरची पायली सासरच्या पायलीएवढीच असेल याची खात्री कोण देणार? म्हणून १९५६ साली सरकारनं कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो, मीटर, लिटर आले. त्याच्या आदल्या वर्षी, १ एप्रिल १९५७ ला, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झालेलाच होता.

शेर गेला, मण गेला, तोळा मात्र गेला नाही! आणि घोळ आहे तो इथेच. जुना तोळा बारा माशांचा, म्हणजे ९६ गुंजांचा. ग्रॅममध्ये तो ११.६६ भरतो. आज सराफाकडे बोलताना ‘तोळा’ म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात. आता समजा, सासूबाईंच्या जुन्या वहीत ‘पाटल्या, ५ तोळे’ अशी नोंद आहे. त्या काळच्या मापानं त्या ५८.३ ग्रॅम झाल्या, आजच्या बोलण्यातल्या मापानं ५०. मधले सव्वाआठ ग्रॅम गेले कुठे? जावाजावांत वाटणीच्या वेळी एवढ्यावरून मनं कायमची तुटू शकतात. कुणावर संशय घेण्याआधी ‘तोळा कुठला?’ एवढं विचारावं. आणि आपली स्वतःची नोंद करताना तोळा लिहूच नये, ग्रॅमच लिहावेत.

बरं, किलो म्हणजे नक्की किती हे कुणी ठरवलं? पॅरिसजवळ सेव्हर येथे प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंचा एक छोटा दंडगोल जपून ठेवलेला आहे. १८८९ पासून सगळ्या जगाचा किलो तोच. त्याच्या नकला देशोदेशी दिल्या. आपल्याकडची ५७ क्रमांकाची नक्कल दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पण शंभर वर्षांत मूळ दंडगोल आणि नकला यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा फरकानंसुद्धा शास्त्रज्ञांना चैन पडेना. शेवटी २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या त्या धातूवरून काढून निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर, प्लँकच्या स्थिरांकावर, बसवली. आपल्या वाण्याच्या तराजूला यानं काही फरक पडला नाही म्हणा. त्याच्या तराजूवर वैध मापन खात्याचा शिक्का आहे की नाही, एवढं आपण बघावं. तसंच घरगुती गॅसच्या सिलिंडरचं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवा आणि आलेला सिलिंडर दारातच तोलून मागा. यात भीड कसली?

आता ज्या एककासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. ते म्हणजे ‘चमचा’.

‘बाळाला एक चमचा औषध द्या.’ कुठला चमचा? चहाचा, पोह्याचा, आमटीचा की बाळाच्या बारशाला आलेला चांदीचा? औषधाच्या हिशेबात लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर आणि मोठा म्हणजे १५. पण आपल्या कपाटातले चमचे काही हे शिकून आलेले नाहीत. औषधाच्या बाटलीवर खुणांचं झाकण किंवा छोटी वाटी येते, तिनं ५ मिली पाणी मोजा आणि घरातल्या एकेका लहान चमच्यात ओतून बघा. एखादा अर्ध्यातच भरून सांडेल, एखादा सगळं घेऊनही रिकामा दिसेल. एकाच घरात ही तऱ्हा!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तापाचं पॅरासिटामॉल घ्या. एका बाटलीवर लिहिलेलं असतं, ‘५ मिलीत १२० मिलिग्रॅम’. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलीवर ‘५ मिलीत २५० मिलिग्रॅम’. म्हणजे त्याच एका चमच्यात दुपटीहून जास्त औषध. आणि तान्ह्या बाळांसाठी जे थेंबांचं औषध मिळतं, त्यात १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात. थेंबांची बाटली लहान, बाळ लहान, म्हणून औषधही सौम्य असेल असं कुणालाही वाटेल. खरं तर ते साध्या पातळ औषधाच्या चौपट तीव्र! थेंबांची बाटली संपली म्हणून पातळ औषध आणलं, किंवा उलट केलं, आणि माप तेच ठेवलं, तर बाळाला एक तर पुरणार नाही, नाही तर भलतंच जास्त होईल.

मिलिलिटर हे जागेचं एकक, मिलिग्रॅम हे वस्तुमानाचं. बाटलीतून ओततो ते मिली. डॉक्टर हिशेब करतात तो मिलिग्रॅमचा, आणि तोही बाळाच्या वजनाप्रमाणे. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायचेच: किती मिली, आणि कुठल्या बाटलीतलं? चिठ्ठीवर लिहून घ्या. ‘चमचा’ हा शब्द रात्री दोन वाजता, ताप चढलेला असताना, फार धोक्याचा आहे. घरी सासूबाई किंवा वहिनी औषध देणार असतील, तर तो मापाचा प्याला त्यांच्या हातात देऊनच बाहेर पडावं.

लिटर आणि किलो यांची गफलत तेलाच्या पिशवीतही होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम, किलोपेक्षा कमी. दोन पिशव्यांच्या किमती ताडून बघताना एक लिटरची आणि दुसरी किलोची नाही ना, हे आधी वाचावं. आपल्याकडे फार तर काही रुपयांचं नुकसान. २३ जुलै १९८३ ला कॅनडात याच गफलतीनं ६९ माणसांचे जीव टांगणीला लागले. एअर कॅनडाच्या विमानाला पुढच्या प्रवासासाठी २२,३०० किलो इंधन हवं होतं. इंधन मोजलं होतं लिटरमध्ये. लिटरचे किलो करायला साधारण ०.८ नं गुणायचं, तर हिशेब करणाऱ्यांनी गुणलं १.७७ नं. हा आकडा पौंडांचा! त्यामुळे निघाले निम्म्याहून कमी इंधनावर आणि वाटेत, हवेतच, दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी कौशल्यानं विमान तरंगत गिमली या गावच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले.

गतीच्या धड्यात तर आपल्यावर चक्क अन्यायच आहे. अंतर आणि विस्थापन या दोन गोष्टी वेगळ्या. सकाळी ओट्यापासून निघायचं, गच्ची, बाजार, शाळा, दळण असं दिवसभर फिरायचं आणि रात्री पुन्हा ओट्यापाशी. अंतर सहा-सात किलोमीटर भरेल. विस्थापन मात्र शून्य! कारण विस्थापन म्हणजे निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर. (घरच्या मंडळींना हे वाचायला देऊ नका.)

अंतराला वेळेनं भागलं की चाल मिळते. ही चाल रस्ता ओलांडताना आपल्या जिवाशी येते, म्हणून तिचा हिशेब एकदा मुलांबरोबर बसून करा. गाडी ताशी ५४ किलोमीटर जाते म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ताशी किलोमीटरला ५ नं गुणून १८ नं भागायचं, बस. दुपदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद. मुलाचा हात धरून आपण सेकंदाला फार तर सव्वा मीटर चालतो. म्हणजे ओलांडायला जवळजवळ सहा सेकंद. तेवढ्यात ती गाडी ९० मीटर पुढे येते! आपली शंभर-सव्वाशे पावलं. एकदा ती चालून बघा, म्हणजे ‘लांब आहे गं, चल’ असं म्हणताना किती लांब लागतं ते डोळ्यांत बसेल.

आणि ब्रेक? चालवणाऱ्याला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. मग गाडी थांबायला अंतर लागतं. कोरड्या रस्त्यावर ताशी ३६ ला ब्रेक दाबल्यावर दहा मीटर लागत असतील, तर ताशी ७२ ला वीस नव्हे, चाळीस लागतात. चाल दुप्पट, अंतर चौपट. रस्ता ओला असेल तर याहूनही जास्त. शाळेपुढून स्कूटर हाणणाऱ्या आपल्याच मोठ्या चिरंजीवांना हे गणित जरूर घालावं.

सुट्टीत प्रवासाला निघालात तर मुलांच्या हाती सेकंदकाट्याचं घड्याळ द्या. हमरस्त्यावर आणि रुळांच्या कडेला किलोमीटरच्या खुणा असतात. एका खुणेपासून पुढच्या किलोमीटरच्या खुणेपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्यांनी भागायचं. ६० सेकंद लागले तर ताशी ६०, ४५ लागले तर ताशी ८०. यात तास-दीड तास सहज जातो. खिडकीच्या जागेवरून जुंपेल, ते मात्र तुमचं तुम्ही बघा.