फाट्यावरचा बाण

धामणगाव रेल्वेहून चिखलदऱ्याला निघालेल्या माणसाला परतवाडा सोडल्यावर पुन्हा एक धामणगाव लागते. हे गढीचे धामणगाव. तिसरे, धामणगाव बढे, बुलढाणा जिल्ह्यात आहे. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार यांचीही तीच गोष्ट. एसटीची पाटी पुरती वाचली की घोटाळा होत नाही. पुढे घाट सुरू होतो तशा वळणाच्या पाट्या येतात, किलोमीटरचे दगड येतात. दगडाचे डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक. वाचता न येणारा माणूसही रंगावरून रस्ता ओळखतो. गाडीत बसलेल्याची एवढी काळजी आपण घेतली आहे.

गाडीतून उतरून तोच माणूस चिखलदऱ्याशेजारच्या गाविलगड किल्ल्याच्या दरवाज्यातून आत शिरला, की ही काळजी संपते. किल्ल्याचा विस्तार मोठा आहे. बाहेरचा किल्ला, आतला किल्ला, तळी, मशीद, पडक्या इमारती, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटा. पावसाळ्यानंतर गवत कमरेच्या वर जाते, तेव्हा माणसांनी मळलेली वाट आणि गुरांनी पाडलेली वाट यांत फरक करता येत नाही. सह्याद्रीत भटकणारे गुरांच्या वाटेला ढोरवाट म्हणतात. ढोरवाट फसवी असते, कारण सुरुवातीला तीच जास्त रुंद आणि जास्त सरळ दिसते. ती चाऱ्यापर्यंत किंवा पाण्यापर्यंत जाते आणि झाडीत विरून जाते. वाट चुकण्याच्या गोष्टी ऐकाव्यात, तर बहुतेकांत कुठेतरी एक ढोरवाट असते.

आपल्याकडे पायी चालण्याची परंपरा मोठी, पण ती सोबतीने चालण्याची. धामणगाव रेल्वेपासून जवळच्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला पायी जाते. ही परंपरा १५९४ पासूनची असल्याचे सांगतात. त्या वाटेला बाण लागत नाहीत. पुढे पताका असते, मुक्काम ठरलेले असतात, चुकलेल्याला कुणीतरी हाक मारते. खुणेची गरज पडते ती एकट्यादुकट्याला, परक्या मुलखात, संध्याकाळ होत आलेली असताना. पाटी करणाऱ्याने हाच माणूस डोळ्यांसमोर ठेवायला हवा: थकलेला, तहानलेला, थोडा घाबरलेला आणि घाईत असलेला.

युरोपात वाटांवर खुणा करण्याचे शास्त्र झाले ते हौशी संस्थांमुळे. प्राग येथे १८८८ मध्ये चेक पर्यटकांचा क्लब स्थापन झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने पहिली वाट रंगवली. त्यांची आजची खूण अशी: दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात तीन आडवे पट्टे, वरखाली पांढरा आणि मध्ये तांबडा, निळा, हिरवा किंवा पिवळा. पांढऱ्या पट्ट्यांमुळे मधला रंग अंधुक उजेडातही उठून दिसतो. आज चाळीस हजार किलोमीटरहून जास्त वाटा या खुणांनी जोडलेल्या आहेत, आणि त्या स्वयंसेवक दर काही वर्षांनी पुन्हा रंगवतात. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या वाटांसाठी पांढरा-तांबडा जोडपट्टा आला. अमेरिकेच्या ॲपलाचियन वाटेवर झाडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असा पांढरा पट्टा असतो. एकावर एक दोन पट्टे दिसले की समजायचे, वळण आले, सावध राहा.

स्वित्झर्लंडची गोष्ट मला अधिक भावते, कारण ती एका शाळामास्तराच्या त्राग्यातून सुरू झाली. याकोब एस नावाचे हे शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन क्लाउसन खिंडीतून पायी निघाले होते आणि मोटारींनी त्यांना रस्त्यावर चालणे मुश्कील केले. चालणाऱ्यांना स्वतःच्या वाटा हव्यात या आग्रहातून १९३४ मध्ये संघटना उभी राहिली. आज तिथे सुमारे ६५ हजार किलोमीटर वाटांवर एकच पद्धत आहे. साधी वाट पिवळी. डोंगरवाट पांढरी-तांबडी-पांढरी. हिमनद्या आणि कडे यांतून जाणारी वाट पांढरी-निळी-पांढरी. तिथला रंग वाट कुठे जाते हे सांगत नाही, तुम्ही तिच्यावर पाय ठेवावा की नाही हे सांगतो. पाटीवर अंतरही नसते, वेळ असते: सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर धरून, चढउतार मोजून काढलेला चालण्याचा वेळ, विश्रांती सोडून. आपल्याकडेही डोंगरात कुणी किलोमीटर विचारत नाही, ‘किती वेळ लागन?’ असेच विचारतात. १९७९ मध्ये तिथल्या मतदारांनी पायवाटांना थेट राज्यघटनेत जागा दिली.

नियमाने लावलेल्या खुणा पाहायला मात्र धामणगावकरांना परदेशी जायला नको. गावातून मुंबई–नागपूर लोहमार्ग जातो, आणि त्याच्या कडेला खुणांची एक संपूर्ण भाषा उभी आहे. फाटक येण्याच्या बरेच आधी पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतात: सी/फा. सीटी, फाटक. वेगमर्यादा जिथे संपते तिथे टी/पी आणि टी/जी अशा दोन पाट्या. पहिली प्रवासी गाडीसाठी, दुसरी मालगाडीसाठी. मालगाडी लांब असते, तिचा शेवटचा डबा मर्यादेबाहेर पडायला जास्त अंतर लागते, म्हणून तिची पाटी पुढे. विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक. यातली एकही पाटी कुणाला वाटले म्हणून लागलेली नाही. ती कुठे असावी, किती लांबून दिसावी, कुणी रंगवावी, हे सगळे ठरलेले आहे.

त्या खांबावरच्या आकड्यांकडे डोंगरवाटा आखणाऱ्यांनी नीट पाहावे असे मला वाटते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांना हरवलेल्या पोरांचा फोन येतो, तेव्हा ती पोरे काय सांगतात? समोर कडा आहे, बाजूला झाडी आहे, खालून पाण्याचा आवाज येतो. सह्याद्रीत हे वर्णन हजार जागांना लागू पडते. त्याऐवजी ‘अठरा नंबरच्या खुणेपासून वीस मिनिटे पुढे आलो’ एवढे सांगता आले, तर रात्रभराचा शोध तासाभरावर येईल. बाण वाट दाखवतो. आकडा माणूस कुठे आहे ते दाखवतो. आपल्या डोंगरांत बाण थोडेफार आहेत, आकडे जवळजवळ नाहीतच.

बाण आहेत तेही ज्याने त्याने आपापल्या समजुतीने काढलेले. एकाने पांढरा काढला, दुसऱ्याने शेंदरी. एकाने जायची वाट दाखवली, येताना तोच बाण पाठमोरा झाला. चालणाऱ्यांसाठी स्वतःच्या हाताने रंग लावण्यात वाईट काही नाही. स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रामार्गावरचे प्रसिद्ध पिवळे बाण ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८४ पासून असेच, रस्त्याच्या कामातून उरलेल्या रंगाने काढायला घेतले. पण त्यांनी एकच रंग, एकच आकार ठेवला आणि अख्खा मार्ग पुरा केला. आपल्याकडे अडचण वेगळीही आहे. गाविलगड आणि नरनाळा हे केंद्र सरकारचे संरक्षित किल्ले आहेत. त्यांच्या दगडाला रंग लावणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. ज्या दरवाज्यावर शार्दूल आणि गंडभेरुंड कोरलेले आहेत, त्याच्या शेजारी ऑइलपेंटचा बाण, त्याचा हेतू कितीही चांगला असो, मला सहन होत नाही.

मग झाडांवर? इथे या किल्ल्यांभोवतीचे मेळघाटचे जंगलच आराखडा करणाऱ्याची परीक्षा घेते. सागाची साल सोलत राहते, रंग तिच्याबरोबर गळतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तिच्यावर सरळ कडेचा पट्टा उमटत नाही. कांडोळाचे खोड मुळातच पांढरे, उन्हाळ्यात चांदण्यातही चमकणारे; त्यावर पांढरी खूण दिसणार कशी? पिवळा रंग पावसाळ्यात ठसठशीत दिसतो, पण सागाची पाने वाळू लागली की सगळे जंगलच पिवळे-तपकिरी होते आणि खूण त्यात हरवते. शिवाय वनखाते तोडीच्या कूपासाठी, हद्दीसाठी, प्राणिगणनेच्या रेषांसाठी झाडांवर आणि खांबांवर स्वतःच्या खुणा करते. नवख्या माणसाने गणनेची रेषा वाट समजून धरली, तर तो थेट वाघाअस्वलाच्या मुलखात जाईल. म्हणून इथे परवानगी असलेल्या वाटेवर सुटे खांब हवेत, त्यांवर निळा-पांढरा जोडरंग हवा. निळा रंग या जंगलात कोणत्याच ऋतूत फारसा नसतो.

आता चित्रांकडे. शब्दांशिवाय बोलणाऱ्या चित्रांचे आधुनिक शास्त्र व्हिएन्नात १९२० च्या दशकात ऑटो नॉयराथ यांनी घडवले. त्यांच्यासाठी गेर्ड आर्न्ट्झ यांनी हजारो आकृत्या कोरल्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी ओटल आयशर यांनी माणसाचे शरीर चौकटीच्या आडव्या, उभ्या आणि तिरप्या रेषांवर बसवले, आणि विमानतळापासून इस्पितळापर्यंत त्या आकृत्यांचे वंशज पसरले. आपल्या देशात हे काम निवडणुकीने केले. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक पक्षाला चित्र मिळाले. पुढे निवडणूक आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी यांनी साध्या पेन्सिलीने घरातल्या, शेतातल्या, बाजारातल्या वस्तू काढल्या, आणि ती चिन्हे खेड्यापाड्यांत घराघरांत पोचली. सेठींकडून घेण्यासारखे एकच, पण फार मोठे: चित्रात तीच वस्तू काढा जी पाहणाऱ्याच्या हाताखालची आहे.

डोंगरवाटेची आयती चिन्हे परदेशी संचातून उचलली, तर तिथेच गाडे अडते. पिण्याच्या पाण्यासाठी नळ काढतात. किल्ल्यावर नळ कुठला? तिथे खडकात खोदलेले टाके असते, पाणी दोरीने शेंदावे लागते. चालणाऱ्या माणसाच्या हातात बर्फातली काठी आणि पायात जाड बूट. आपल्या वाटेवर चपला घातलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन पुढे निघून जाते. आग्या मोहोळाचे चिन्ह त्या संचांत नसते, आणि आपल्या कड्यांवर धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी मधमाश्या उठण्याचा धोका खरा आहे. अस्वलाचे चिन्ह असते, पण ते उत्तर अमेरिकेच्या अस्वलाचे. आपले अस्वल झुबकेदार, लांब तोंडाचे, छातीवर पांढऱ्या खुणेचे. मोहाच्या दिवसांत पहाटे वाटेवर भेटते ते हे.

चित्र चांगले की वाईट हे चित्रकाराने ठरवायचे नसते. अमेरिकेच्या सुरक्षाचिन्हांच्या मानकात त्यासाठी साधी कसोटी आहे: शंभरांपैकी किमान ८५ जणांना अर्थ बरोबर कळला पाहिजे, आणि उलटा, घातक अर्थ लावणारे ५ पेक्षा जास्त नसावेत. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची. कड्याच्या काठावर घसरणारा माणूस काढला आणि पाच-दहा जणांनी ‘इथून खाली उतरा’ असे समजले, तर ती पाटी नसलेलीच बरी. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी आणि अहमदाबादची एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांनी संकेतचिन्हांच्या अभ्यासाची वाट घालून दिली आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी मेळघाटात येऊन कोरकू पोरांना, परतवाड्याच्या दुकानदारांना, सहलीला आलेल्या शाळकरी मुलींना आपली चित्रे दाखवावीत, असे मला मनापासून वाटते.

जागा ठरवण्यासाठी तर स्थानिक माणसाला पर्यायच नाही. खूण फाट्याच्या अलीकडे हवी, पण एवढी अलीकडे नको की फाट्यापर्यंत तिचा विसर पडेल. फाटा ओलांडल्यावर लगेच दुसरी खूण हवी, म्हणजे बरोबर आल्याची खात्री पटते. आपल्याकडे हीच हटकून राहून जाते. परतीच्या दिशेने पाठीमागेही खूण हवी. चुकीच्या वाटेच्या तोंडाशी फुली हवी. हे सगळे नकाशावर बसून कळत नाही. रोज त्या वाटेने जाणाऱ्या गाइडला माहीत असते की लोक कुठे थबकतात आणि कुठल्या झाडापाशी डावीकडे भरकटतात.

सुरुवात गाविलगडापासून व्हावी. पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन, एकाही दगडाला हात न लावता, दरवाज्यापासून तळ्यापर्यंतच्या एकाच वाटेवर क्रमांक असलेले सुटे खांब ठेवावेत. पाण्याचे, कड्याचे आणि मोहोळाचे अशी तीनच चित्रे असावीत. खर्चात पाट्यांइतकीच रक्कम पुढच्या पाच वर्षांच्या रंगासाठी आणि गवत कापणाऱ्या माणसाच्या मजुरीसाठी बाजूला काढावी. दिवाळीच्या सुमारास, गवत पुरते उभे असताना, किल्ला कधी न पाहिलेल्या कुणाला तरी एकटे आत पाठवावे, आणि तो जिथे जिथे थांबून इकडेतिकडे पाहील तिथे एक एक खांब वाढवावा.